फिश, मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि अर्धा तास चाललेलं एक छोटं गाणं

मुठाकाठ

'सध्या काय ऐकताय' या धाग्यावर मी परवा फिशचं नाव लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं की हा बँड कुठला आणि एकाच बँडची शेकडो रेकॉर्डिंगं जमवून ऐकण्यासारखं त्यात आहे तरी काय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. २०१७च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला त्यांना प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. मुख्यतः त्या रात्रीबद्दल लिहायचंय, पण बँडची ओळख नसेल तर त्या रात्री काय घडलं ते कळणार नाही. म्हणून आधी थोडं ते.

फिश म्हणजे चार माणसं. ट्रे अनास्टासिओ गिटार वाजवतो आणि बरीचशी गाणी गातो. माइक गॉर्डन बेसवर, जॉन फिशमन ड्रमवर, आणि पेज मॅकोनेल पियानो, ऑर्गन व इतर कीबोर्डांच्या गराड्यात. १९८३ साली व्हरमॉन्ट विद्यापीठात, बर्लिंग्टन गावात यांची सुरुवात झाली. पेज १९८५ला आला. तेव्हापासूनचे हे चौघे आजही तेच. मध्ये २००० ते २००२ थांबले, २००४ला तर बँड मोडलाच, आणि २००९च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला पुन्हा एकत्र उभे राहिले. रेडिओवर गाजलेलं गाणं त्यांच्याकडे जवळपास नाही. तरी अमेरिकेतली मोठमोठी सभागृहं भरतात, कारण आज रात्री या गाण्याचं काय होणार ते पाहायला लोक येतात.

जॅम बँड म्हणतात तो हाच प्रकार. त्याचं मूळ ग्रेटफुल डेड हा बँड, कॅलिफोर्निया, १९६५. गाणं ठरलेलं असतं, त्याचे शब्द, चाल, मधले तुकडे सगळं बांधलेलं असतं, आणि एका ठिकाणी दार उघडं ठेवलेलं असतं. तिथून बाहेर पडायचं की नाही, पडलं तर किती लांब जायचं, परत त्याच गाण्यात यायचं की भलत्याच गाण्यात उतरायचं, हे मंचावर वाजवता वाजवता ठरतं. चाहते याचे दोन प्रकार सांगतात. टाइप वन म्हणजे गाण्याचे कॉर्ड आणि लय कायम ठेवून त्यावरच विस्तार. टाइप टू म्हणजे तीही चौकट सुटली, कॉर्ड बदलले, लय बदलली, मघाशी कुठलं गाणं चालू होतं हेसुद्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यातून गेलं. टाइप टू रोज होत नाही. ठरवून तर होतच नाही.

मी पुण्यात बसून हे सगळं अनेक वर्षं फक्त कानांनी ऐकलं. एका मित्राने कॉलेजात असताना एक हार्डडिस्क भरून दिली होती, तारीख आणि गावाच्या नावाने लावलेल्या फोल्डरांची. पुढे नोकरी हिंजवडीत लागली. कोथरूडहून कंपनीच्या बसने जाताना संध्याकाळच्या गर्दीत एक अख्खा सेकंड सेट ऐकून व्हायचा. (त्यांचा कार्यक्रम दोन भागांत असतो, मध्ये मोठी सुट्टी. पहिल्या भागात जास्त गाणी, दुसऱ्यात लांबलचक जॅम, असा साधारण रिवाज.) चांदणी चौकातल्या त्या कोंडीत मी जितकं एकाग्र होऊन संगीत ऐकलं तितकं घरी कधी ऐकलं नसेन. पण सतत एक प्रश्न असायचा. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कधीतरी हजारो लोक एकदम ओरडतात. तिथे गाण्याचा शब्द नसतो, सोलोचा शेवट नसतो, वरवर काहीच घडलेलं नसतं. मग हे ओरडले कशाला?

२०१७ला कंपनीच्या कामासाठी काही महिने न्यू जर्सीत होतो, आणि त्याच उन्हाळ्यात फिशने 'बेकर्स डझन' जाहीर केलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात २१ जुलै ते ६ ऑगस्ट, १३ रात्री. बेकर्स डझन म्हणजे बेकरीवाल्याचे डझन, बारावर एक जास्त, म्हणून तेरा. रोज एका चवीचा डोनट ठरलेला, त्याचं नाव त्याच दिवशी कळायचं, त्या चवीला धरून त्या रात्रीची काही गाणी, आणि लवकर पोचणाऱ्यांच्या हातात खरोखरचा डोनट. तेराही रात्री संपल्यावर लक्षात आलं की एकही गाणं दोनदा वाजलेलं नाही. एकूण २३७ गाणी. नोटेशन समोर न ठेवता, चौघांनी.

मला तिकीट मिळालं २५ जुलैचं, मंगळवारचं. त्या उन्हाळ्यात पेन स्टेशनच्या रुळांची मोठी दुरुस्ती चालू होती आणि आमच्या मॉरिस अँड एसेक्स मार्गाच्या बहुतेक गाड्या होबोकनला वळवल्या होत्या. तिथून पाथ ही लोकल धरून ३३व्या रस्त्यावर उतरायचं आणि चालत जायचं. सभागृह पेन स्टेशनच्या डोक्यावरच आहे. होबोकनच्या फलाटावरच ओळखू यायला लागले लोक. फिशमन कार्यक्रमात निळा झगा घालतो, त्यावर लाल डोनटांसारखी नक्षी असते, तीच नक्षी लोकांच्या टोप्यांवर, मोज्यांवर, एका बाईंच्या झोळीवर. माझ्या शेजारी उभे असलेले एक साठीचे गृहस्थ व्हरमॉन्टचेच निघाले. मी पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिला कार्यक्रम कुठला ऐकलास?" पाहिलास नव्हे, ऐकलास. मी तारीख सांगितली, त्यांनी त्यातली गाणी क्रमाने सांगितली. पाथमध्ये उभ्याउभ्या आमचं तेवढंच बोलणं झालं.

त्या दिवशीची चव होती 'जॅम-फिल्ड'. नाव कळल्यापासून सगळ्यांना अंदाज आला होता की आज गाणी लांबणार. कुठलं लांबणार याचा मात्र कुणालाच अंदाज नव्हता.

सुरुवातीलाच त्यांनी 'लॉन बॉय' घेतलं. हे गाणं म्हणजे दोन-तीन मिनिटांचा विसावा. पेज कीबोर्ड सोडतो, हातात माइक घेऊन जुन्या हॉटेलातल्या गायकाच्या थाटात पुढे येऊन गातो, गॉर्डन बेसवर एक छोटा तुकडा वाजवतो, लोक प्रेमाने टाळ्या वाजवतात, संपलं. इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रत्येक 'लॉन बॉय'मध्ये हेच. अनेकजण या गाण्याला पाणी प्यायला उठतात. त्या रात्रीही माझ्या रांगेतले दोघे उठले.

ते गाणं संपायच्या जागी संपलं नाही.

हे लिहिताना जपून लिहितोय, कारण मागाहून रंगवून सांगणं सोपं असतं. झालं ते असं. शेवटाकडे यायच्या वेळी आवाज मोठा झाला नाही, लहान झाला. चौघेही कमी वाजवायला लागले. बेसने एक छोटी आकृती धरली आणि सोडली नाही. फिशमनने झांजेवरचा हात हलका केला. ट्रे दोनच सूर टाकून थांबला, ऐकत राहिला, मग तेच दोन सूर थोडे मागे सरकवून टाकले. पेज कीबोर्डाशी परत गेलेला होता. आणि माझ्या आजूबाजूला एकेका चेहऱ्यावर कळत गेलं की हे आता थांबणार नाहीत. मग तो ओरडा उठला. रेकॉर्डिंगमध्ये ज्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता तोच. वरवर काहीच घडलं नव्हतं. चौघांनी एकमेकांशी न बोलता एक गोष्ट ठरवली होती आणि वीस हजार लोकांना ती ठरताना ऐकू आली होती.

पुढे ते जवळजवळ अर्धा तास चाललं. दोन-तीन मिनिटांचं, पाणी प्यायला उठायचं गाणं. मधल्या भागात मूळ चालीचा मागमूस राहिला नव्हता. एक जागा अशी आली की ट्रे गिटारवर जवळपास काही वाजवतच नव्हता, नुसता बाकी तिघांकडे बघत मान हलवत होता, आणि संगीत पुढे चाललेलं होतं. गिटारवाल्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या बँडमध्ये गिटारवाला गप्प राहतो आणि कुणाला काही कमी वाटत नाही, हे मला आजवर ऐकलेल्या कुठल्याही सोलोपेक्षा मोठं वाटतं.

नव्वदच्या सुरुवातीला ही मंडळी तालमीत 'हे' (इंग्रजीतलं hey) नावाचा सराव करायची. एकजण एक लहान आकृती सुरू करतो, बाकीचे त्यात आपापलं काही मिसळतात. सगळे एकमेकांत नीट बसले असं ज्याला ऐकू येईल त्याने "हे!" म्हणायचं. चौघांचं "हे" एकाच वेळी आलं की मगच पुढची आकृती. म्हणजे तोंडातून शब्द काढायचा तर आधी बाकी तिघांचं ऐकलेलं असलं पाहिजे. स्वतःचंच वाजवण्यात गुंतलेल्याला "हे" म्हणताच येणार नाही. हे मी वाचलं होतं पूर्वीच. कळलं त्या रात्री.

आणखी दोन गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. एक, प्रकाश. क्रिस कुरोडा १९८९पासून त्यांचे दिवे सांभाळतो आणि तेही आधी ठरवून नाही, जॅम जसा जाईल तसे तो दिवे चालवतो. चौघे दबक्या आवाजात गेले तेव्हा त्याने सगळं सभागृह एका निळ्या रंगात ठेवलं आणि बराच वेळ काही बदललं नाही. इतका मोठा ताफा हाताशी असताना काही न करण्याचा संयम! चाहते त्याला पाचवा सभासद मानतात ते उगाच नाही. दुसरी गोष्ट, जमीन. गार्डनची मुख्य जमीन रस्त्याच्या पातळीवर नाही, वरच्या मजल्यावर आहे, खाली रेल्वे. हजारो माणसं एका लयीत नाचायला लागली की ती तळपायाखाली खरोखर खालीवर होते. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी शेजाऱ्याकडे पाहिलं, तो हसून म्हणाला, ती अशीच आहे.

दुसऱ्या भागाबद्दलही पुष्कळ लिहिता येईल, पण तो चांगला असणार हे अपेक्षितच होतं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

सायली_एडिसन

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. मी इकडेच राहते, नवऱ्याच्या आग्रहाने एकदा ३१ डिसेंबरला गार्डनलाच गेले होते. मला गाणी एकही माहीत नव्हती. खरं सांगू का, पहिला तासभर मला काही लागलं नाही. पण आजूबाजूचे लोक ज्या तन्मयतेने ऐकत होते ते बघून मीही ऐकायला लागले. नंतर एका गाण्यात वरच्या मजल्यांवरून लोकांनी चमकणाऱ्या कांड्यांचा पाऊस पाडला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. एकटीने गेलं तर सुरक्षित वाटावं असं वातावरण होतं, हेही नोंदवते, कारण मैत्रिणी विचारतात.

धैवत

लेख प्रामाणिक आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण मूळ दाव्याशी असहमत. अर्धा तास एका गाण्यावर वाजवणं यात मला आपोआप मोठेपण दिसत नाही. आपल्याकडे एक राग तासभर चालतो तेव्हा त्याला व्याकरण असतं. कुठला स्वर कुठे थांबायचा, कुठला टाळायचा, आरोह-अवरोह, वादी-संवादी. त्या बंधनातून विस्तार होतो म्हणून त्याला अर्थ. इथे चौकटच सोडून दिली म्हणता, मग उरलं काय? जे सुचेल ते वाजवा? सवाईच्या मंडपात लहानपणापासून बसलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे. लांबलचक गिटार सोलो मी ऐकलेत, दहाव्या मिनिटाला घड्याळाकडे लक्ष जातं.

मुठाकाठ

@धैवत, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. हे रागसंगीत नाही, आणि तसं म्हणून त्याला मोठं करायची गरजही नाही. रागाइतकं खोल व्याकरण यात नाहीच.

पण बंधन नाही असं नाही. आपल्याकडे बंधन स्वरांचं आहे आणि मुख्य कलाकार एक आहे. साथीदार कितीही थोर असला तरी दिशा गवयाची. इथे बंधन माणसांचं आहे. चौघांनाही दिशा बदलण्याचा समान हक्क, आणि बाकी तिघांनी ऐकून साथ दिल्याशिवाय ती बदलत नाही. एकाने नवा सूर सुचवला आणि तिघांनी घेतला नाही तर तो तिथेच पडतो. मैफिलीत अशा पडलेल्या सूचना पुष्कळ ऐकू येतात. 'जे सुचेल ते वाजवा' असं झालं तर दोन मिनिटांत गोंगाट होईल.

गिटार सोलोबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मलाही कंटाळा येतो. सोलोत एकजण बोलतो आणि तिघे त्याला वाट करून देतात. म्हणूनच तर ट्रे गप्प राहिला त्या जागेबद्दल मी एवढं लिहिलं.

जुनी_टेप

वाचून फार बरं वाटलं. मी सत्तरीकडे झुकलोय आणि माझा बँड ग्रेटफुल डेड. १९८७-८८च्या सुमारास कोरेगाव पार्कात ओशोंच्या आश्रमात येणाऱ्या परदेशी मंडळींकडून मला पहिल्या कॅसेट मिळाल्या. आमचं घर बंड गार्डनजवळ होतं, दोघे भाडेकरू अमेरिकन. एकाच्या पेटीत कपडे कमी आणि कॅसेट जास्त. प्रत्येक कॅसेटवर बारीक अक्षरात तारीख, गाव, गाण्यांची यादी.

त्याने समजावून सांगितलं ते आज कुणाला खरं वाटणार नाही. डेड आपल्या कार्यक्रमात लोकांना टेप करू द्यायचे. १९८४च्या ऑक्टोबरपासून तर त्यांनी तिकिटातच रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळी जागा केली. मोठमोठे माइक उंच काठ्यांना बांधून लोक बसायचे. अट एकच, पैसे घ्यायचे नाहीत. कॅसेट हवी असेल तर कोऱ्या टेप आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं. बाकी कंपन्या चोरी म्हणून ओरडत होत्या आणि यांनी दार उघडं ठेवलं. डेडचे सुमारे २३०० कार्यक्रम झाले, त्यातल्या बहुसंख्य कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आज उपलब्ध आहे ते या टेपवाल्यांमुळे. ८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम तर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेव्यात घेतला.

डेडचे गिटारवादक-गायक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ला गेले. मला प्रत्यक्ष ऐकायचा योग आला नाही. त्यामुळे मुठाकाठ, तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं.

@धैवत, सवाईला रमणबागेत रात्री दहाला थांबायचा नियम यायच्या आधी शनिवारची रात्र पहाटेपर्यंत चालायची ती तुम्ही अनुभवली असेल. फिशने ३१ डिसेंबर १९९९ला फ्लोरिडात बिग सायप्रसला मध्यरात्रीच्या सुमारास वाजवायला सुरुवात केली ती थेट सूर्योदयापर्यंत, मध्ये सुट्टी न घेता. व्याकरण वेगळं असेल, पण रात्र जागून ऐकणाऱ्यांची जात एकच.

तिहाई

तबलावाल्याची भर घालतो. हा संबंध लोक समजतात त्यापेक्षा जवळचा आहे. डेडचे ड्रमर मिकी हार्ट १९६७ला उस्ताद अल्लारखाँना भेटले आणि त्यांच्या वाजवण्यात विषम मात्रांची गोडी आली. डेडचं 'द इलेव्हन' अकरा मात्रांत आहे. आपल्या रुद्र तालाच्या मात्रा तेवढ्याच. 'प्लेइंग इन द बँड' दहात, म्हणजे झपतालाएवढं. वजन आणि खंड वेगळे आहेत, पण रॉक बँडने भर मैफिलीत हजारो लोकांना अकरा मात्रांवर नाचवावं ही साधी गोष्ट नाही. करून बघा म्हणजे कळेल.

पुढे झाकीरभाई आणि हार्ट यांची आयुष्यभराची दोस्ती झाली. १९७६ची दिगा रिदम बँडची तबकडी, मग १९९१ची 'प्लॅनेट ड्रम'. वर्ल्ड म्युझिकसाठीचं पहिलं ग्रॅमी याच 'प्लॅनेट ड्रम'ला मिळालं. २०२४च्या डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले तेव्हा आपल्याकडे त्यांच्या शास्त्रीय साथीबद्दल भरभरून लिहिलं गेलं, ते योग्यच. पण त्यांच्या आयुष्याची ही बाजू मराठीत फारशी आली नाही. कुणीतरी यावर सविस्तर लिहायला हवं. जुनी_टेप काका, तुम्ही लिहा.

जुनी_टेप

लिहितो. थोडा वेळ द्या.

वेताळटेकडी

एक स्पष्ट प्रश्न, राग मानू नका. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि तो हल्ली हेच ऐकतो. हे सगळं नशेशिवाय ऐकलं जात नाही असं मी वाचलंय. त्यात तथ्य किती? आणि आपल्याकडे असा बँड आहे का, म्हणजे त्याला इथेच घेऊन जाता येईल?

मुठाकाठ

@वेताळटेकडी, राग कसला, आईवडिलांनी विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

या कार्यक्रमांच्या आसपास नशा असते. खोटं सांगणार नाही. खुद्द ट्रे अनास्टासिओ त्यात बुडाला होता. २००६च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली, न्यायालयाच्या देखरेखीखाली त्याने उपचार घेतले आणि त्यातून तो बाहेर आला. पुढे त्याने व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी संस्था काढली आणि २०२३ला व्हरमॉन्टमध्ये लडलो इथे तिचं केंद्र सुरू झालं. माझ्या कानाला तर २००९नंतरचा ट्रे जास्त ऐकणारा आणि कमी बडबडणारा वाटतो.

चाहत्यांमध्येही 'फेलोशिप' नावाचा गट आहे, दारू-नशा न करणाऱ्यांचा. कार्यक्रमात पिवळे फुगे लावून त्यांचं टेबल असतं आणि मधल्या सुट्टीत ते तिथे जमतात. मी स्वतः त्या रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि ऐकण्यात काही उणं राहिलं नाही. चार वाद्यं एकाच वेळी वेगवेगळी ऐकायची तर डोकं जागेवरच लागतं. मुलाशी बोला, त्याला काय आवडतं ते त्याच्याचकडून ऐका. तो तुम्हाला बरंच सांगेल.

आपल्याकडचं म्हणाल तर इंडियन ओशन. जॅम बँड हा शिक्का त्यांनी स्वतःवर मारलेला नाही, पण गाण्याच्या मध्ये जी मोकळी जागा ते ठेवतात आणि राहुल रामचा बेस जसा गाणं धरून पुढे नेतो, ते याच घराण्यातलं. १९९०पासूनचा बँड, २००९ला त्यांचे तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती गेले, नंतर गिटारवादक सुस्मित सेनही बाहेर पडले, तरी बँड टिकला. पुण्यात ते अनेकदा येऊन गेलेत. पुन्हा आले की दोघांची तिकिटं काढा.

सायली_एडिसन

वेताळटेकडी, मुलाबरोबर नक्की जा. माझे बाबा माझ्याबरोबर अशा एका कार्यक्रमाला आले होते आणि परत येताना गाडीत तेच जास्त बोलत होते.

कर्वेरोड_ते_कॅम्प

इतक्या वर्षांचं इतकं साहित्य, नवख्याने सुरुवात कुठून करायची? त्यांचे स्टुडिओ अल्बम ऐकू का?

मुठाकाठ

अल्बमपासून नको. अल्बम वाईट नाहीत, पण तिथे गाणी संपायच्या जागी संपतात. २५ जुलै २०१७पासूनच सुरू करा. बेकर्स डझनच्या तेराही रात्री त्यांनी अधिकृतपणे काढल्यात, ऐकायला सहज मिळतात. आधी स्टुडिओतलं 'लॉन बॉय' एकदा ऐका, मग त्या रात्रीचं. क्रम हाच ठेवा. मूळ गाणं किती छोटं आहे हे माहीत नसेल तर बाहेर पडल्याचं महत्त्व कळणार नाही. हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून. पहिल्या वेळी फक्त बेस ऐका, दुसऱ्या वेळी फक्त ड्रम. गिटारकडे लक्ष आपोआप जातंच.

त्यानंतर ३१ डिसेंबर १९९५, हेही गार्डनच. तेव्हा ते तिशीचे होते आणि फार वेगाने वाजवायचे. दोन्ही ऐकलंत की वीस वर्षांत या चौघांनी काय शिकलं ते समोर येईल.

तिहाई

+१. आणि डेडसाठी जुनी_टेप काकांनी सांगितलेला कॉर्नेलचा कार्यक्रम.

धैवत

काल रात्री ऐकलं. सांगितल्याप्रमाणे, आधी स्टुडिओतलं आणि मग हे. दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा फक्त बेस.

रागसंगीताबद्दलचं माझं मत तेच आहे. तुलना करू नये. पण 'जे सुचेल ते वाजवा' असं मी लिहिलं होतं तसं ते नाही, हे मान्य करायला हवं. तो बेसवाला एक आकृती धरतो आणि इतर तिघे काहीही करोत, तो ती अगदी थोडी थोडी बदलत नेतो. आठ-दहा मिनिटांनी लक्षात येतं की आकृती पूर्णपणे दुसरी झाली आहे आणि नेमकी कधी झाली ते सापडत नाही. मी मागे जाऊन शोधायचा प्रयत्न केला. किराणा घराण्याच्या गवयांनी एकेक स्वर सावकाश वाढवताना मला जे मिळतं त्याच्या जवळचं काहीतरी तिथे मिळालं. तुलना करू नये म्हणतो आणि तीच करतोय, पण कानाला झालं ते लिहिलं.

घड्याळाकडे एकदाच पाहिलं. या बेसवाल्याचं आणखी काय ऐकू?

मुठाकाठ

@धैवत, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला.

बेस ऐकायचा तर १९९७चा शरद ऋतू. त्या दौऱ्यात चौघांनी फंकचा, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या संगीताचा, ध्यास घेतला, ट्रेने गिटारचा सोलो जवळपास सोडून नुसता ताल धरला आणि माइक गॉर्डन पुढे आला. १७ नोव्हेंबर १९९७, डेन्व्हर. हाही अधिकृतपणे आलेला आहे. पहिल्या भागातलं 'घोस्ट' आधी लावा. याला हेडफोन नकोत, घरी चांगले स्पीकर असतील तर त्यांवर ऐका आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

धैवत

शेजारी पखवाज शिकवतात, त्यांनाच बोलावतो ऐकायला. रविवारी दुपारी लावतो आणि इथे लिहितो.